डावा मागचा

चौतीस वर्षं गंगाखेड डेपोत
गाड्यांच्या पोटाखाली पाठीवर पडून काढली मी.
कोणती गाडी कुठं रडतेय, कानानं कळायचं.
पाट्याचं कण्हणं वेगळं, बुश गेल्याचं वेगळं.

आणि घरात, ओट्याची एवढीशी पायरी चढताना
क्लीनर मागचा डावा पाय उचलून धरायचा,
ते तीन महिने दिसलं नाही मला.
म्हातारा झालाय, म्हणायचो.
मी तरी कुठं पळतोय.

क्लीनर पिटात सापडलेला,
ऑइलच्या डब्याशेजारी, नुकते डोळे उघडलेला.
त्याच्या आधी टप्पा होता.
टप्प्याचं मी कुणाला सांगत नाही.
मेव्हण्याच्या कंदुरीतून पिशवीभर हाडं आणली होती,
शिजलेली, चोखलेली,
मोठ्या मायेनं ओतली त्याच्या पुढ्यात.
शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं,
हे लोखंडात हयात घातलेल्या माणसाला
ठाऊक नसावं?
दोन रात्री कण्हला.
तिसऱ्या दिवशी मी शेजारी फावडं मागायला गेलो.

म्हणून या खेपेला दवाखाना गाठला.
तौर मॅडमनी क्लीनरला शेजारच्या आडतीत नेऊन
सोयाबीनच्या काट्यावर उभा केला.
एकतीस किलो.
हमाल हसले.
मॅडम हसल्या नाहीत.
"काका, गाडीची पासिंग किती, अन् तुम्ही भरलंय किती?"
माझ्या भाषेत मला कुणी असं झापलं नव्हतं कधी.
"गोळ्या देते मी. पण सांध्यावरचं ओझं
तुमच्या वाढणाऱ्या हातात हाय."

वाढणारा हात द्वारकेचा.
येसराच्या आमटीत भाकर कुस्करून
त्याला रोज दुपारी, वर तुपाची धार.
"आवडतं की त्याला," ती म्हणाली.
मग बराच वेळ गप्प बसली.
आता कांदा चिरायच्या आधीच
त्याचं वेगळं काढून ठेवते,
भोपळा, वरणाचं घट्ट, अंड्याचा बलक.
मापाला माझाच जुना स्टीलचा मग आहे,
कडेला नेलपॉलिशची रेघ.
रेघेच्या वर एक दाणा नाही.

बुधवारी गयाबाई भोईण येते, गोदेचे मासे घेऊन.
बिनमिठाचे उकडतो, मग मी काटे काढत बसतो,
चष्मा नाकावर, बोटं ओली.
बारीक काटा सुटून येतो
तेव्हा स्प्लिट पिन ओढल्यासारखं वाटतं.
चिल्लर समोर बसून हिशेब ठेवते.

चिल्लर म्हणजे मांजर.
कंडक्टरच्या तिकिटाच्या जुन्या पेटीत झोपते.
श्रावणात तिला ताप आला, खाईना.
मी तापाची गोळी मोडली, माझीच, अर्धी,
दुधात घोळवणार,
तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, फोन लावला.
मॅडम ओरडल्या एवढ्या की
चुलीपाशी द्वारकेला ऐकू गेलं:
"मांजराला ती गोळी म्हणजे जहर! अन् दूधही नको."
ती अर्धी गोळी मी फेकली नाही.
फेकली असती तर क्लीनरनं उचलली असती.
मुठीत धरून दवाखान्यापर्यंत गेलो,
दुसऱ्या हातात पेटी, पेटीत चिल्लर.
मूठ उघडली तेव्हा तळहात पांढरा झाला होता.

संक्रांतीला काटा सव्वीसवर आला.
आता तो पायरीवर आधी पुढचे दोन ठेवतो,
थांबतो,
मग मागचे दोन्ही, बरोबर.
रोज नाही. थंडी असली की नाही.

माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरानंही तेच सांगितलं,
फक्त हमाल हसले नाहीत.
द्वारकेनं माझी दीड भाकर एकीवर आणली.
जेवताना मी त्याच्या ताटाकडं बघतो,
तो माझ्या,
आणि दोघांनाही माहीत असतं
की तिसरं कुणीतरी दोघांकडं बघतंय.

संध्याकाळची परभणी गाडी वळणावर येते,
कचकन बसते एका अंगाला.
"डावा मागचा," मी म्हणतो.
क्लीनर मान वर करतो,
त्यालाच म्हटल्यासारखी.